ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस : 2001 चा ख्रिसमस एपिसोड बघून आईबाबांचा मूड गेला, पुढे दाखवू का?

मदत हवी आहे. आईबाबांना ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका, म्हणजे डेल बॉय आणि रॉडनी या दोन भावांची गोष्ट, पहिल्या सीझनपासून क्रमाने दाखवतेय. 1996 च्या ख्रिसमसचे तिन्ही भाग बघून दोघं एकदम खूश होते, गॅरेजमध्ये धूळ खात पडलेलं ते जॉन हॅरिसन या जुन्या घड्याळजीचं घड्याळ लिलावात 62 लाख पाउंडांना जातं तेव्हा बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग 2001 चा लावला आणि सगळ्यावर पाणी पडलं. शेअर बाजारात पैसे बुडाले, परत नेल्सन मंडेला हाऊस या इमारतीतला तोच जुना फ्लॅट, वर अंकल अल्बर्टपण नाही (ती भूमिका करणारे बस्टर मेरीफील्ड 1999 मध्येच गेले, त्याला कोण काय करणार म्हणा). रॉडनीचा ग्लॅडिएटरवाला सीन तर मला फारच ओढूनताणून वाटला.

मी नंतर एकटीने परत बघितला, वाटलं पहिल्यांदा अपेक्षा जास्त होत्या म्हणून असेल, पण नाही, पटलाच नाही. 2002 आणि 2003 चे मी स्वतःपण बघितलेले नाहीत. आईला मात्र शेवट बघायचाच आहे, 1987 च्या ख्रिसमस एपिसोडमधल्या फ्रेडी द फ्रॉग नावाच्या चोराचं पुढे काय ते तिच्या डोक्यात बसलंय. इंटरनेटवर शोधायला गेले तर स्पॉयलरच समोर यायला लागले म्हणून बंद केलं. तिघींचौघींना विचारलं तर त्यांनी 1996 नंतर बघणंच सोडलेलं.

सबटायटल्स आहेत, भाषेचा प्रॉब्लेम नाही, आणि 'तिथेच थांबा' हे सांगू नका प्लीज, आई ऐकणार नाही. एवढंच सांगा, स्पॉयलर न देता: 2002 चा वगळून थेट 2003 चा लावला तर गोष्ट कळेल का, की मधला बघावाच लागेल?