मदत हवी आहे: नाशिक, गंजलेल्या बीमवर कार्बन लॅमिनेट चिकटवावं का?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचं दुमजली घर आहे, १९९४ चं. खाली पार्किंग, वर आई-बाबांची खोली आणि बाथरूम. पार्किंगमधला १५ फुटी बीम मधोमध खालून बारीक तडकलाय, आणि उजव्या खांबाजवळ एक तिरपी भेग आहे. गेल्या पावसाळ्यात बाथरूमखालचा तळहाताएवढा पोपडा पडला. आतली सळई पार तांबूस, नखाने खरवडली तरी पापुद्रे निघतात. तिथून दोन वीत पुढे हातोडीने ठोकलं तर अजूनही बद्द वाजतं.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पोपडा मॉर्टरने भरू, तळाला १.४ मिमी जाडीची कार्बन फायबरची पट्टी (लॅमिनेट) इपॉक्सी गोंदाने चिकटवू, दोन दिवसांत काम संपलं. पट्टी मजबूत असते हे मान्य. पण ती सुटते तेव्हा बहुतेक वेळा काँक्रीटचाच पातळ थर घेऊन सुटते, असं वाचलंय. मग बद्द वाजणाऱ्या काँक्रीटवर ती कशाला धरून राहणार? पुल-ऑफ टेस्ट (काँक्रीटवर चकती चिकटवून ती ओढून पकड मोजणं) करा म्हटलं तर "गरज नाही". आणि तिरप्या भेगेला तळाची पट्टी काय करणार? वर म्हातारी माणसं झोपतात, मला रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद: तुमची शंका अगदी बरोबर आहे. आजच बीमखाली लोखंडी टेकू लावा आणि आई-बाबांना त्या खोलीतून हलवा. मग बाथरूमची गळती बंद करा, नाहीतर पट्टीच्या आड गंज चालूच राहील. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायला लावा, सळई घासून व्यास मोजा. बारीक झाली असेल तर आधी नवी सळई जोडा. पुल-ऑफ टेस्ट सोडू नका. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय ४४० या मार्गदर्शिकेत त्या टेस्टमध्ये किमान १.४ एमपीए (मेगापास्कल, ताण मोजायचं एकक) मागतात. तिरपी भेग शिअरची (कातरणाऱ्या ताणाची) दिसते, तिथे बाजूंनी यू आकाराचं फायबर कापड लागेल. आणखी एक, तापल्यावर इपॉक्सी मऊ पडतं. म्हणून आगीत पट्टी निकामी झाली तरी मूळ बीमने रोजचं वजन पेललं पाहिजे, हा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या. टेकूंनी भार उचलून मगच पट्टी लावा, कारण ती लावल्यानंतर येणाऱ्या भारालाच कामी येते.

धागाकर्ता: मनापासून आभार. संध्याकाळी चार टेकू लागले, आई-बाबांची गादी हॉलमध्ये आणली. कॉन्ट्रॅक्टरला थांबवलंय. नाशिकमध्ये पुल-ऑफ टेस्ट करून हिशेब लिहून देणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.