रानातल्या उंच झाडांवर हौसेखातर दोराने चढावं का?

उंचसखल

झाडाला दोर लावून मित्रांसोबत शेंड्यापर्यंत जाणं हा आचरटपणा नाही, एवढं एकदा मांडायचं होतं. हल्ली 'झाडांना त्यांच्या वाटेने राहू द्या' हा सूर फार ऐकू येतो. तो लावणाऱ्या बहुतेकांनी झाडाला दोर लागताना पाहिलेलाही नसतो.

पद्धत अशी. पाव किलोच्या आसपास वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून हव्या त्या फांदीवरून फेकायची. फार उंच असेल तर मोठी गलोल वापरायची. दोरीच्या मागून जाड दोर ओढून घ्यायचा आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्यांच्या पोशाखाला, म्हणजे हार्नेसला, जोडायचा. वर सरकवता येते, पण भार आला की आवळून बसते अशा गाठीच्या जोरावर चढायचं. म्हणजे माणूस चढतो तो दोरावर. बुटांना लोखंडी काटे लावायचे नाहीत, कारण ते सालीखालच्या जिवंत थरात घुसतात. दोर सरकताना फांदीची साल घासू नये म्हणून मध्ये टोकांना धातूची कडी असलेली, म्हणजे कड्यांची पट्टी घालायची.

हौशी वृक्षारोहणाची पहिली संघटित शाळा १९८३ साली अटलांटात पीटर जेंकिन्स यांनी काढली. ते मूळचे कडे चढणारे, पुढे झाडांची निगा राखण्याच्या धंद्यात आले. काटे वापरायचे नाहीत, एकट्याने चढायचं नाही, हे नियम या छंदात मुरलेले आहेत. मग रानातली झाडं तेवढी वर्ज्य का?

पानगळ

कारण रानातल्या जुन्या झाडाचा वरचा भाग मोकळा नसतो. तिथे कोणीतरी राहत असतं.

झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णींनी १९८१ साली एक गोष्ट दाखवून दिली. वर्षावनातल्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा थर साठतो आणि झाड स्वतःच्याच फांदीतून मुळं काढून त्या थरातलं पोषण घेतं. जमिनीपासून इतक्या उंचीवर माती! कॅलिफोर्नियातल्या रेडवूड या प्रचंड उंच झाडांच्या शेंड्यांकडे तर नेच्यांच्या गाद्या असतात, त्यांत पाणी मुरतं आणि सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) राहतात. तुमची कड्यांची पट्टी एका फांदीची साल वाचवते. त्या फांदीवर टेकलेली ढुंगणं, पाय रोवलेले बूट, गप्पा मारताना सहज उपटलेलं शेवाळ, यांना कोणती पट्टी लावता? खरवडलेला थर भरून यायला दशकं लागतात.

आणि 'मित्रांसोबत' म्हणजे चारपाच जण. एकाच बुंध्याभोवती दिवसभर ये-जा. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या हातभर थरातच असतात, ती तुडवली जातात ते वेगळंच.

झुळूक

लहानपणी आम्ही अनवाणी चढायचो. कसली गाठ नि कसली पिशवी. एवढा तामझाम लागत असेल तर खालूनच बघा की!

उंचसखल

@झुळूक, तुमच्या त्या झाडाला हाताच्या उंचीवर फांदी होती. दाट रानातल्या उंच झाडाची पहिली जाड फांदी पुष्कळदा पंधरा-वीस मीटरवर असते. तिथवर अनवाणी जाऊन दाखवा, मी खालूनच बघतो.

@पानगळ, तुमचंच उदाहरण घेतो. जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड म्हणजे हायपेरियन, सुमारे ११६ मीटरचा रेडवूड. २००६ साली सापडलं. जागा गुप्त ठेवली होती, तरी इंटरनेटवर फुटली. लोकांची रीघ लागली, आडवाटा पडल्या, बुंध्याजवळचे नेचे तुडवून संपले. अखेर २०२२ मध्ये रेडवूड नॅशनल पार्कने तो परिसर बंद केला आणि जाणाऱ्याला ५००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते असं जाहीर केलं. हे सगळं दोर घेऊन आलेल्यांनी केलं का? नाही, फोटो काढायला चालत आलेल्यांनी केलं. मग बंदीची मागणी फक्त आमच्यासाठी का?

दुसरं. मार्बल्ड मरलेट हा समुद्री पक्षी शास्त्राला अठराव्या शतकापासून माहीत होता, पण तो अंडं कुठे घालतो हे अमेरिकेत कोणाला ठाऊक नव्हतं. ते घरटं १९७४ साली सापडलं, रेडवूडच्याच रानात, झाडाची छाटणी करायला वर चढलेल्या माणसाला. वर कोणी गेलंच नाही तर वर काय आहे ते कळणार कसं?

पानगळ

मरलेटचा विषय तुम्ही काढलात हे बरं झालं, कारण पुढची गोष्ट माझ्या बाजूची आहे. तो पक्षी घरटं बांधतच नाही, रुंद फांदीवरच्या शेवाळात एकच अंडं घालतो. त्याची अंडी-पिल्लं खाणारे म्हणजे 'जे' आणि 'रेव्हन', दोन्ही कावळ्याच्या कुळातले. हे पक्षी माणसाने सांडलेल्या खाण्याच्या मागे येतात, जिथे तंबू आणि सहली तिथे त्यांची गर्दी. म्हणून तिथल्या उद्यानांत 'चूरसुद्धा सांडू नका' म्हणून बजावतात. आता विचार करा, फांदीवर बसून डबा उघडणारी मंडळी त्या शेवाळापासून किती लांब असतील?

शिवाय ते घरटं सापडलं तेव्हा माणूस कामासाठी चढला होता. संशोधकांनाही रेडवूडवर चढायला परवानगी काढावी लागते. हौसेने मात्र परवाना मागू नये, असं का?

हायपेरियनबद्दल तुमचं निम्मं मान्य. चालणाऱ्यांनी केलं ते खरंच. पण ते झाड प्रसिद्ध झालं म्हणून तुडवलं गेलं, आणि शेंड्यावरून काढलेल्या फोटोइतकी प्रसिद्धी दुसरं काय देतं?

कातळवेडा

मी कडे चढतो, त्यामुळे दोराचं भय नाही. माझी हरकत त्या 'मित्रांसोबत' या शब्दाला आहे.

कड्यावर पडलं तर झेलायला ताणणारा दोर असतो. झाडावरचा दोर जवळजवळ ताणतच नाही, म्हणून आधाराच्या खालीच राहायचं आणि दोरात ढील ठेवायची नाही, हा तिथला पहिला धडा. कडे चढणाऱ्या मित्राला हे माहीत नसतं. तो आत्मविश्वासाने फांदीच्या वर जाऊन उभा राहतो. मीटरभर ढील घेऊन तो घसरला तर कंबर आणि पाठीचा कणा, दोन्ही हिशेब चुकते करतात.

दुसरं, आधार तपासणं. खडक ठोकून बघता येतो. तीस मीटरवरची फांदी आतून पोकळ आहे की नाही हे खालून कोण सांगणार? शिवाय दोराचं एक टोक बुंध्याला बांधून दुसऱ्या टोकाने चढत असाल, तर ८० किलोच्या माणसाचा भार वरच्या फांदीवर जवळपास १६० किलोंचा पडतो. हौशी मंडळींपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, प्रामाणिकपणे सांगा.

अनुभवी माणसांचंही चुकतं. नाडकर्णी आयुष्यभर झाडांवर चढल्या, आणि २०१५ मध्ये सुमारे १५ मीटरवरून पडून गंभीर जखमी झाल्या.

झुळूक

आणि बऱ्या झाल्यावर पुन्हा चढायला लागल्या, तेही लिहा ना राव.

करवत

माझं पोटच यावर आहे, झाडं छाटतो. दोन्ही बाजू वाचून करमणूक झाली.

कातळवेडा यांचं गणित बरोबर आहे, म्हणून तर चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लटकून हिसके द्यायचे असतात. दोघांना न पेललेली फांदी एकट्यालाही नको. त्याआधी बुंध्याला एक फेरी मारायची. अळंब्या फुटल्या आहेत का, मुळांजवळची माती उचलली आहे का, दोन खोडं चिकटून वाढलेली असतील तर मध्ये साल दबली आहे का, वर तुटून अडकलेली फांदी आहे का, मोहोळ आहे का. यांतलं एक जरी दिसलं तरी दोर पिशवीतच ठेवायचा. हौशी लोक ही फेरी मारत नाहीत असं म्हणणं खोटं आहे, काही आमच्या धंद्यातल्यांपेक्षा नीट मारतात.

मला खुपतं ते दुसरंच. वर गेलेला माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लोंबकळत राहिला तर मिनिटांचा प्रश्न असतो. कामावर आमचा एक जण खाली सामान घालून तयार असतो, त्याने तो माणूस उतरवण्याचा सराव केलेला असतो. मित्रांच्या टोळीत असा कोण असतो? सगळ्यांनाच वर जायचं असतं!

आणि पानगळताई/पानगळराव, जे असाल ते, सगळ्या रानाला एकच कायदा लावू नका. शेवाळाने मढलेलं पाचशे वर्षांचं झाड वेगळं आणि कोरड्या रानातलं उघड्या फांद्यांचं तरणं झाड वेगळं. दुसऱ्यावर खुशाल चढा, विणीचा काळ तेवढा सोडून.

पानगळ

ताईच. तरण्या, उघड्या झाडाबद्दल माझी तक्रार नाही, विणीची अट पाळली तर. पण धाग्याचं शीर्षक 'उंच' म्हणतं, आणि उंच म्हटलं की हौशी माणसाची नजर रानातल्या सर्वांत म्हाताऱ्या झाडावर जाते.

उंचसखल

जाते, नाकारत नाही. शेवाळाची गादी असलेलं झाड सोडून द्यायचं, हे आमच्या गटात मांडतो. खाली एक जण तयार ठेवण्याबद्दल करवतशी पूर्ण सहमत, तो पाळीपाळीने ठेवता येतो. पण परवान्याचं पटत नाही. परवाना देणारा साहेब टेबलावरून झाड कसं पाहणार? बुंध्याला फेरी मारायला तो येणार आहे का?

पानगळ

साहेब नको, स्थानिक पक्षीनिरीक्षकाला विचारा. ढोल्या आणि घरटी कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं. त्याने नाही म्हटलं तर उतराल का, एवढं सांगा.

उंचसखल

चढणारच नाही. पण त्याने हो म्हटलं तर तुम्ही येणार का, तेही सांगा.