मॅनिंगच्या सूत्रातल्या ‘एन’ला एकक असतं का?

मदत हवी आहे. नाशिकला सिव्हिल डिप्लोमाला आहे. काँक्रीटचं अस्तर असलेल्या कालव्यातल्या पाण्याचा वेग काढतोय. सूत्र असं: वेग = (1 ÷ एन) × हायड्रॉलिक रेडियसचा 2/3 घात × उताराचं वर्गमूळ. एन म्हणजे कालव्याच्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा गुणांक; हायड्रॉलिक रेडियस म्हणजे पाण्याचं छेदक्षेत्र भागिले ओली परिमिती. रेडियस 0.6 मीटर, उतार 4000 ला 1, एन 0.018. वेग 0.625 मीटर प्रतिसेकंद येतो, इथपर्यंत ठीक.

मग मिती तपासल्या. उतार मितिहीन आहे, त्यामुळे एनची मिती निघते काळ × लांबीचा उणे 1/3 घात. तक्त्यात मात्र एनपुढे एककच नाही! तेच 0.018 घेऊन फुटांत गणित केलं तर 1.38 फूट प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम 0.42 मीटर. साफ चूक. 1.486 ने गुणलं की बरोबर जुळतं, आणि 1.486 हे 3.28 चं (एका मीटरचे फूट) घनमूळ आहे हेही पडताळलं.

चेझीचं सूत्र (वेग काढायचं दुसरं सूत्र) चालणार नाही, जर्नलमध्ये मॅनिंगच मागितलंय. आकडेमोडीची शंका नाही, लिहायचं कसं एवढंच अडलंय: एनपुढे ‘सेकंद प्रति मीटरचं घनमूळ’ असं एकक लिहू, की एन मितिहीन मानून अंशातल्या त्या 1 ला एकक देऊ?