शूबर्टची चार हातांची फँटसी: ऐकायची की वाजवायची?

मंद्रसप्तक
मरे पेराया आणि राडू लुपू या पियानोवादकांचं १९८४चं रेकॉर्डिंग, इंग्लंडमधल्या स्नेपच्या सभागृहातलं. शूबर्टची एफ मायनर फँटसी (एका पियानोवर दोघांनी वाजवायची मुक्त रचना; त्याच्या रचनांच्या यादीत डी ९४०), जोडीला मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा. लोक ते डोक्यावर घेतात. मीही वीसेक वर्षं घेतलं. आता मत बदललंय, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायचं संगीत हे घरातलं. रेकॉर्ड नव्हत्या तेव्हा युरोपात लोक सिंफन्यासुद्धा चार हातांसाठी उतरवून घरी वाजवायचे. मजा होती ती वाजवणाऱ्यांची. इथे लीड्सच्या पियानो स्पर्धेचे दोन विजेते (लुपू १९६९, पेराया १९७२) इतके एकजीव होतात की वीस बोटांचा एकच माणूस बसलाय असं वाटतं. मग दुसऱ्याला बोलावलं कशाला? त्यापेक्षा पियानोवादक रिख्टर आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं १९६५चं, ऑल्डबरा महोत्सवातलं ऐका. तिथे दोन स्वभाव ऐकू येतात.

पांढरी_चार
साफ असहमत. मी पेटीवाला, साताऱ्याचा. पियानोला आयुष्यात हात लागलेला नाही. तुमच्या हिशेबानं मी हे ऐकूच नये का?

मला काय ऐकू येतं ते सांगतो. खालचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा वादक हळू लाट धरतो, तिच्यावर पंचमावरून षड्जावर झेप, प–सा, पुन्हा प–सा. इतकंच. सा पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी. पाचेक मिनिटांनी लार्गो हा संथ भाग येतो आणि सा उठून काळी तीनवर जाऊन बसतो! पुढचं स्केर्त्सो, म्हणजे चपळ भाग, तेही तिथेच. आपल्याकडे कुणी मैफलीत असं केलं तर तानपुरेवाल्यानं काय करायचं? शेवटच्या भागात परत पांढरी चार, तेव्हा घरी आल्यासारखं वाटत नाही. घर तेच, पण कुणीतरी सामान हलवलंय असं वाटतं. हे मला पेराया–लुपूंमुळेच कळलं, कारण त्यांचा स्वर स्वच्छ आहे. सफाई हा दोष कधीपासून झाला?

मडगावची_भाची
मावशीबरोबर हे वाजवायचा प्रयत्न केलाय, म्हणून दोघांच्या मधलं बोलते. पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) बहुतेक वेळा खर्जाच्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाखाली असतं. म्हणजे वरची सुरावट मी वाजवायची आणि तिचा श्वास मावशीच्या पायात! तिनं पाय उशिरा उचलला की माझा स्वर चिखलात. शिवाय माझा डावा हात नि तिचा उजवा एकमेकांवर आपटतात, आणि पावसाळ्यात आमच्या पियानोच्या दोनतीन पट्ट्या फुगून अडकायच्या, ते वेगळंच. त्यामुळे त्या दोघांचा ‘एकच माणूस’ होतो हे मला तक्रारीचं वाटत नाही, जादूच वाटते. पण मंद्रसप्तक, तुमचं एक खरं. ती झटापट रेकॉर्डवर उरत नाही.

मंद्रसप्तक
तेच म्हणतोय! ती झटापट हाच तर या प्रकाराचा जीव. जुगलबंदीत दोन वाद्यं असतात, ज्याचं त्याचं. इथे एक वाद्य, एक पेडल, वाटणी करून. त्याच तबकडीवरचा मोझार्ट ऐका, दोन पियानो आहेत, मोकळी जागा आहे, तिथे हे दोघं खरंच गप्पा मारतात.

उगाच_एक_शंका
फँटसी शूबर्टनं त्याच्या शिष्येला, काउंटेस कॅरोलिन एस्टरहाझीला अर्पण केलीय ना? हात हाताला लागावा म्हणूनच लिहिली असणार 🙂

पांढरी_चार
अर्पण केली हे खरं, पुढचं तुमचं. आणि मंद्रसप्तक, ‘घरातलं संगीत, वाजवणाऱ्यांपुरतं’ म्हणताय तर ऐका. मे १८२८ मध्ये शूबर्टनं संगीतकार फ्रान्झ लाखनरला शेजारी बसवून ही फँटसी वाजवली, ती बाउअर्नफेल्ड या मित्राला ऐकवायला. म्हणजे नुसता ऐकणारा एक जण तेव्हाही होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात शूबर्ट गेला, एकतिसाव्या वर्षी. छापली गेली १८२९ मध्ये.

मंद्रसप्तक
बाउअर्नफेल्ड विसरलो होतो. हा मुद्दा तुमचा. तरी तो त्याच खोलीत होता, पाय पेडलवर पडताना बघत होता. मी हेडफोन लावून बसलोय.

मडगावची_भाची
मग शेवट हेडफोनवरच ऐका, मुद्दाम. फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक आवाजांत पाठलाग करते तो भाग) चढत चढत जातो, सगळी वीस बोटं कामाला, आणि मधेच तुटतो. शांतता. मग तोच पहिला प–सा. आम्ही वाजवायचो तेव्हा त्या शांततेत मावशी पाय उचलायची आणि पेडलची कुरकुर ऐकू यायची. या दोघांच्या शांततेत काहीच ऐकू येत नाही. मला दरवेळी तिथे ती कुरकुर हवी असते.

पांढरी_चार
आमच्या पेटीचा भाताही कुरकुरतो. तेल घालायचं राहूनच जातं.