"बायपास आता कोणी करत नाही" म्हणे!

आंबटचुका
वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या धाग्यावर परवा 'चालताबोलता' यांनी लिहिलं : "डोळे मिटून स्लीव्ह करा. दोन तासांचं काम, आतड्याला हात नाही, आठव्या दिवशी ऑफिस. बायपास आता कोणी करत नाही." खाली अठरा जणांचे +१. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात टेबलावर जाणार आहेत. (नवख्यांसाठी : स्लीव्ह म्हणजे जठर कापून अरुंद करणं. बायपास म्हणजे हृदयाचं नव्हे, जठराची छोटी पिशवी करून तिला पुढचं आतडं थेट जोडणं.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझी स्लीव्ह २०१९ ची. १०९ किलो होते, चौदा महिन्यांत ७१. तेव्हा विचारलं असतंत तर मीही असंच लिहिलं असतं. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. काढलेलं परत बसत नाही. त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि अ‍ॅसिड वर येतं. मला जळजळ आधीपासून होती, सकाळची गोळी चालू होती, फॉर्मवर तसं लिहिलंही होतं. एंडोस्कोपी मात्र झाली नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "आम्ही सगळ्यांना स्लीव्हच करतो."

दुसऱ्या वर्षापासून रात्री दोनच्या सुमारास घशाशी आंबट येऊन खोकत उठायचे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, मला तीन उशा. नवरा झोपेत घसरत घसरत पायथ्याशी पोचायचा. शेवटी २०२३ मध्ये स्लीव्हचं बायपास करून घेतलं. पोटाला दोनदा भोकं, पैसे दोनदा, रजा दोनदा. तेव्हा "कोणी करत नाही" म्हणणाऱ्यांनी त्या 'कोणी'त मलाही धरावं.

चालताबोलता
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. मी अनुभव लिहिला होता, प्रबंध नव्हे. ११८ वरून ८० वर आलोय, बीपीची गोळी सुटली, दर रविवारी सिंहगड चढतो. तुमच्या हॉस्पिटलने एंडोस्कोपी केली नाही यात स्लीव्हचा काय दोष? रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत नेलं म्हणून रिक्षाच वाईट? आणि बायपासचे गोडवे गाताय, तर डंपिंगचंही सांगा की, गोड खाल्लं की जो त्रास होतो तो. की ते सोयीस्कर विसरलात?

आंबटचुका
विसरेन कशी! भाचीच्या लग्नात विहीणबाईंच्या आग्रहाखातर दोन चमचे बासुंदी घेतली. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात पीळ. बाहेर फोटोसाठी मला शोधतायत आणि मी वधूपक्षाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर आडवी, शालू नेसून. झालं सांगून. पण त्या रात्री मी सपाट उशीवर झोपले, हेही लिहून ठेवा.

भूलवाला
या ऑपरेशनांना भूल देणं हे माझं रोजचं काम. कापणारा मी नव्हे, त्यामुळे मला कुठलंच खपवायचं नाही.

फिनलंडमध्ये २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एकाला स्लीव्ह, दुसऱ्याला बायपास केलं आणि दहा वर्षं मागोवा घेतला. जादा वजनापैकी किती घटलं? स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के, बायपासमध्ये ५०.७. म्हणजे बायपास थोडं पुढे, जमीन-अस्मानाचा फरक नाही. पण अन्ननलिकेला सूज किती जणांच्या? स्लीव्हमध्ये ३१ टक्के, बायपासमध्ये ७. आंबटचुका हा अपवाद नाही. आणि चालताबोलतांना त्रास नाही, यात चमत्कार नाही.

बायपासवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. आतडं नव्या जागी जोडताना जी फट राहते तिच्यात ते पुढे अडकू शकतं, पाच वर्षांनीसुद्धा. जोडावर अल्सर होऊ शकतो, सिगारेट ओढणाऱ्याला जास्तच. बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. दारू भसकन चढते. स्लीव्हमध्ये स्टेपल लाइनमधून (जठर कापून पिना मारलेल्या कडेतून) गळती शंभरात एखाद्याची, पण त्या एखाद्याचे महिनेच्या महिने जातात.

खानदेशी_ठसका
मिनी बायपास राहिलंच की! माझं २०२१ चं, नाशिकला. इन्सुलिन ४० युनिट होतं, तिसऱ्या आठवड्यात बंद. जोड एकच, वेळ कमी, म्हणून 'मिनी'. पण पुढचं कोणी बोलत नाही, मी बोलतो. नाव मिनी, संडास मॅक्सी. भरीत-पुरीचा बेत झाला की दुसऱ्या दिवशी शेतात जायची सोय नाही. मध्ये हिमोग्लोबिन ८ वर आलं, लोहाचं सलाईन घ्यावं लागलं. पित्त उलटं वर येतं तो प्रकार माझ्या नशिबी नाही आला, पण शेजारच्या बेडवाल्याला आला. शुगर आजही गोळीविना आहे, म्हणून तक्रार नाही. पुन्हा विचारलं तरी हेच करीन.

कारकून
तुम्ही सगळे नशीबवान, तुमची ऑपरेशनं तरी झाली. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८. विम्याचा नियम असा : ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह वगैरे. मी इमानेइतबारे गोळ्या घेतल्या, शुगर आटोक्यात ठेवली, म्हणून क्लेम नामंजूर! गुलाबजाम खात बसलो असतो तर पात्र ठरलो असतो. (अवांतर आहे, पण तीन वर्षं पोटात होतं.)

तिरकस
एवढं कापून घेण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवला तर? दीक्षितांचं दोन वेळचं जेवण करून माझ्या मेव्हण्याने २२ किलो घालवले. फुकटात.

मोगरा_७२
दीक्षितांचं नाव काढलंत म्हणून सांगते. आमच्या ऑफिसात एक बाई आठ महिन्यांत निम्म्या झाल्या. "काही नाही गं, फक्त दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत." आम्ही सहाजणींनी वर्षभर तेच केलं. मी ४ किलो उतरले आणि पित्ताने हैराण. कॅन्टीनमध्ये बाई दीड चमचा वरणभात खाऊन डबा बंद करायच्या, आम्हाला वाटायचं काय ही तपश्चर्या! दोन वर्षांनी कळलं, स्लीव्ह केली होती. मला अजून राग आहे. आम्ही स्वतःला मनाची कच्ची समजत राहिलो.

नाव_नको
त्या बाईंनी काय तुम्हाला अहवाल दाखवायचा होता? माझं बायपास घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासरी 'हर्नियाचं ऑपरेशन' म्हणून सांगितलंय. जाड होते तेव्हा "जरा कमी खा", बारीक झाले तर "आयती बारीक झाली". वर्षभर चमचाभर मऊ भात आणि पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणाने पाणी, यात आयतं काय असतं ते तिरकस यांनी आठवडाभर करून बघावं.

मोगरा_७२
सांगू नका, कोण विचारतंय? पण खोटी कृती वाटू नका. गप्प बसणं वेगळं, चुकीची रेसिपी देणं वेगळं.

चालताबोलता
मोगरा यांच्याशी सहमत, (आश्चर्य वाटून घेऊ नका). मी पहिल्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर सांगून टाकलं. गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं ते अख्ख्या देशाला माहीत आहे. लाजायचं काय त्यात?

नाव_नको
पुरुषाने सांगितलं की 'धाडस', बाईने सांगितलं की 'नखरे'. गडकरींना सासू जेवायला वाढताना टोमणा मारते का? तुमच्या ग्रुपवर बायका असतात का कोणी? त्यांना विचारा, मग आम्हाला शहाणपण शिकवा.

तिरकस
धागा ऑपरेशनचा होता ना? मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दोन वेळच्या जेवणात बसतात का हो?

नाव_नको
तिरकस, तुमच्यासारख्यांमुळेच लपवावं लागतं. हे विनोद मी पंचवीस वर्षं ऐकलेत, नवीन असेल तर सांगा.

खानदेशी_ठसका
ताई, राग मानू नका, पण लपवण्याची एक गोष्ट ऐका. माझ्या साडूने बायपास मुंबईत केलं, गावात कोणालाच कळू दिलं नाही, फॅमिली डॉक्टरलाही नाही. गुडघा दुखला तेव्हा त्या डॉक्टरने नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या, बिचाऱ्याला काय माहीत. दहा दिवसांत संडास डांबरासारखा काळा, चक्कर येऊन बांधावर पडला. जोडावरचा अल्सर फुटून रक्त वाहत होतं. चार बाटल्या रक्त चढवलं. सासूला नका सांगू, डॉक्टरला सांगा.

भूलवाला
शंभर टक्के. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद म्हणजे बंद. संधिवात असेल, अशा गोळ्यांशिवाय चालत नसेल, तर सर्जनला आधीच सांगा. अशा माणसासाठी स्लीव्हचं पारडं जड होतं. उलट आधीपासून जळजळ, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा जुना मधुमेह असेल तर बायपासचं.

कारकून
आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत ना? २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. मग कशाला ही भानगड?

भूलवाला
मौंजारो आलं तेव्हा सगळ्यात लहान डोसचाच महिन्याचा हिशोब १४ हजार होता. आणि थांबवलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं. काहींना उत्तम, पण ११८ किलोला ते स्लीव्हची जागा घेईल असं मी तरी सांगणार नाही.

नाव_नको
खानदेशी, ठीक आहे. डॉक्टरला सांगते. त्यांची बायको सासूबाईंच्या भजनी मंडळात आहे, पण सांगते.

आंबटचुका
मूळ मुद्दा तसाच राहिला. चालताबोलता, "डोळे मिटून" हे शब्द मागे घेणार का? त्या दोघी अजून तुमचाच प्रतिसाद वाचतायत.

चालताबोलता
"डोळे मिटून" मागे. "आठव्या दिवशी ऑफिस" मागे घेणार नाही, मी खरंच गेलो होतो.

चालताबोलता (चार दिवसांनी)
तुमच्या धाग्याच्या कृपेने एंडोस्कोपी करून आलो. मला कधी छातीत जळजळ नाही, फक्त सकाळी जरा खोकला असतो, तो मी धुळीवर ढकलत होतो. अन्ननलिकेला सूज, ग्रेड ए, म्हणजे सगळ्यात सौम्य. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, तीन महिने गोळ्या. हसा आता.

विटा उभ्या लावायच्या की आडव्या?