स्कीमावरून कोड बनवणारं प्लगइन बसवताना काय अडलं, कशाने सुटलं? अनुभव लिहा

मुळाकाठ (धागाकर्ती)

आमच्याकडे काफ्कावर (प्रणालींमध्ये संदेश पोहोचवणारी यंत्रणा) जाणाऱ्या प्रत्येक संदेशाचा स्कीमा (कोणती फील्ड, कोणत्या प्रकारची, याचा साचा) अ‍ॅव्ह्रोत (डेटा लिहिण्याचं एक स्वरूप) लिहिलेला असतो आणि त्यावरून जावाचे क्लास मेव्हनचं (जावाचं बिल्ड साधन) प्लगइन तयार करतं. टीममध्ये नवीन कुणी आलं की याच ठिकाणी अडकतं. पॉम फाइलीत (मेव्हनच्या सेटिंगची फाइल) काय चिकटवायचं हे सगळीकडे सापडतं, पण एखादी ओळ तिथे का आहे हे कुणी सांगत नाही. ते मराठीत एका जागी असावं म्हणून हा धागा. प्रोटोबफ, एक्सएसडी (एक्सएमएलचा स्कीमा), जेसन स्कीमा, स्कीमा लिहायची कुठलीही पद्धत चालेल. शक्यतो आवृत्ती लिहा.

सुरुवात मी करते. आमची अ‍ॅव्ह्रोची आवृत्ती १.१० होती. प्लगइनचं 'स्कीमा' हे गोल (प्लगइनचं एक काम) 'जनरेट-सोर्सेस' टप्प्याला बांधायचं, म्हणजे कंपाइल होण्याआधी क्लास तयार असतात. तयार झालेला कोड टार्गेट फोल्डरात जातो. तो गिटमध्ये टाकायचा नाही आणि त्याला हात लावायचा नाही, बदल करायचा तर स्कीमात. इथपर्यंत सोपं आहे.

खरा वेळ गेला तो स्ट्रिंगमध्ये. काही सांगितलं नाही तर प्लगइन मजकुराच्या फील्डला 'कॅरसिक्वेन्स' प्रकार देतं. संदेश वाचताना त्यात जावाची स्ट्रिंग येत नाही, अ‍ॅव्ह्रोचा स्वतःचा 'यूटीएफ८' क्लास येतो. आमच्या एका रेकॉर्डमध्ये मॅप होता. किल्ली डोळ्यांना दिसत होती, पण गेट केलं की नल (काहीच नाही)! युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमध्ये ऑब्जेक्ट आम्हीच स्ट्रिंग घालून बनवत होतो. तोच संदेश काफ्कातून फिरून आला की किल्ल्यांचा प्रकार बदललेला. प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'स्ट्रिंगटाइप'ला 'स्ट्रिंग' लिहिलं आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून माझा आग्रह आहे की टेस्टमध्ये ऑब्जेक्ट एकदा बाइट्समध्ये लिहून परत वाचायचाच.

पैशांची फील्ड असतील तर डेसिमल लॉजिकल टाइप (बाइट्सना दशांश संख्या मानणारी खूण) चालू करणारा पर्यायही 'ट्रू' करा. तो मुळात बंद असतो आणि बिगडेसिमलच्या (जावाचा अचूक दशांश प्रकार) जागी बाइटबफर (कच्चे बाइट्स) हाती येतो. एका स्कीमातला प्रकार दुसऱ्यात वापरला असेल तर सामायिक फाइल 'इम्पोर्ट्स'मध्ये आधी द्यायची.

रात्रपाळी

धागा हवाच होता. मी पेमेंटमध्ये आहे. आपल्याकडे आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ (बँकांच्या संदेशांचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या संदेशांवर चालतं, त्यामुळे आमचा सगळा संसार एक्सएसडीवर. एक्सएसडीवरून क्लास बनवणारं एक्सजेसी जावा ८ च्या जेडीकेतच (जावाचा मूळ संच) होतं. जावा ११ मध्ये (२०१८) जॅक्सबी (एक्सएमएल आणि क्लास जोडणारी लायब्ररी, एक्सजेसी तिच्यासोबतचं) जेडीकेतून बाहेर पडलं आणि त्याच्या डिपेन्डन्सी वेगळ्या लिहाव्या लागल्या. पुढे स्प्रिंग बूट ३ (जावाचं फ्रेमवर्क) वर जाताना पॅकेजच्या नावात 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. प्लगइन जुनं राहिलं तर तयार होणारा कोड जावाएक्स मागतो आणि बाकी प्रकल्प जकार्ता, म्हणून दोन्ही एकाच वेळी हलवायचे.

पण सगळ्यात चिवट गोष्ट पॅकेजच्या नावाची. एक्सजेसी नेमस्पेसवरून (एक्सएसडीतलं ओळखनाव) पॅकेज ठरवतं आणि शेवटचा '.०३' किंवा '.०९' हा भाग फाइलीचं एक्स्टेन्शन समजून गाळतं! म्हणजे पेन.००१.००१.०३ आणि पेन.००१.००१.०९ या एकाच संदेशाच्या दोन आवृत्त्या एकाच पॅकेजमध्ये येऊन पडतात. दोन्हींचा मूळ घटक 'डॉक्युमेंट', त्यामुळे टक्कर ठरलेली. बँका एका दिवसात सगळ्या नव्या आवृत्तीवर जात नाहीत, दोन्ही एकत्र चालवाव्याच लागतात. उपाय म्हणजे बाइंडिंग फाइल लिहून प्रत्येक एक्सएसडीला आपण पॅकेजचं नाव द्यायचं, आवृत्तीसकट.

कोकणकडा

प्रोटोबफवाल्यांसाठी. प्रोटॉक (प्रोटोबफच्या स्कीमावरून कोड बनवणारा) हा जावाचा जार नाही, त्या-त्या मशीनसाठी बांधलेला प्रोग्रॅम आहे. मेव्हनमध्ये ओएस ओळखणारं एक एक्स्टेन्शन लावतो, ते त्याचा क्लासिफायर (कोणत्या मशीनसाठी, हे सांगणारा नावाचा भाग) भरतं. टीममध्ये एम१ मॅक आले आणि बिल्ड 'आर्टिफॅक्ट सापडत नाही' म्हणून थांबलं, कारण प्रोटॉकच्या ३.१७.३ आधीच्या आवृत्त्यांना त्या प्रोसेसरचा क्लासिफायरच नाही. आवृत्ती वाढवणं हा सरळ मार्ग. ती लगेच वाढवता येत नसेल तर इंटेल मॅकचा क्लासिफायर हाताने लिहा, रोझेटावर (मॅकमधली इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारी सोय) चालतो.

अल्पाइनच्या (हलकं लिनक्स) डॉकर इमेजमध्ये जीआरपीसीचं (प्रोटोबफ वापरून दुसऱ्या सेवेला हाक मारायची पद्धत) जावा प्लगइन 'प्रोग्रॅम सापडला नाही' म्हणालं तर पाथ शोधत बसू नका. फाइल जागेवर असते, तिला लागणारं जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) नसतं. बिल्डपुरती डेबियनवर आधारलेली इमेज घ्या.

ठाण्याचा गोफर

मुळाकाठ, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. गो भाषेत आम्ही तयार झालेला कोड गिटमध्ये ठेवतो आणि ते बरोबरच आहे. दुसरा कुणी आमचं मॉड्यूल 'गो गेट'ने घेतो तेव्हा त्याच्याकडे 'गो जनरेट' आपोआप चालत नाही, त्याला कोड आयता मिळायला हवा. मात्र सीआयमध्ये (आपोआप चालणारं बिल्ड आणि तपासणी) एक पायरी ठेवायची: कोड पुन्हा तयार करा, गिट डिफ घ्या, एका ओळीचाही फरक आला तर बिल्ड पाडा. प्रोटॉक आणि त्याची प्लगइन्स कोणत्या आवृत्तीची हे रेपोत लिहून ठेवा, नाहीतर फाइलीच्या वरच्या कॉमेंटमधली आवृत्ती माणसागणिक बदलत राहते.

मुळाकाठ (धागाकर्ती)

गोफर, लायब्ररी म्हणून दुसऱ्यांना द्यायचं असेल तर पटलं. आमच्याकडे बनलेल्या क्लासचा जारच जातो, म्हणून आम्हाला गरज पडत नाही.

हिशोबनीस

जीएसटी ई-इनव्हॉइसचं काम करतो, तिथे जेसन स्कीमा. जेसनस्कीमा२पोजो प्लगइन 'नंबर'चा डबल (अंदाजे दशांश प्रकार) करतं. करांच्या बेरजेत डबल नको म्हणजे नकोच, पैशांचा फरक पडतो. बिगडेसिमल वापरण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा. नंतर केला तर क्लास वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो.

बे एरियातली

एक्लिप्स (कोड लिहायचं साधन) वापरणाऱ्यांना 'प्लगइन एक्झिक्यूशन लाइफसायकलमध्ये येत नाही' असा लाल संदेश दिसला तर पॉम चुकलेली नसते. कमांड लाइनवर मेव्हन चालवून बघा, तिथे बिल्ड होतं. एक्लिप्सला त्या प्लगइनचं काय करायचं तेवढंच ठाऊक नसतं. एरर वर क्विक फिक्स घेऊन ते गोल 'एक्झिक्यूट' करायला सांगा.