भविष्यातील तरते घर : कायम राहण्यास कितपत योग्य?

प्रश्न

पाण्यावर तरंगणाऱ्या घरांची संकल्पचित्रे अलीकडे वारंवार पाहण्यात येतात. चहूबाजूंनी काच, छतावर सौरपट्ट्या आणि अंगणाच्या जागी मोकळे पाणी. पाण्याची पातळी वाढली की बांध घालत बसण्यापेक्षा घरानेच तिच्याबरोबर वर उचलले जावे, ही कल्पना मला मनापासून भावते. परंतु सुटीपुरते नव्हे, तर आयुष्यभर तेथे राहायचे ठरवले, तर हेलकावे, मैलापाणी, देखभाल आणि मालकी हे प्रश्न कसे सुटतात? या विषयाच्या जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

नेदरलँड्समध्ये अशा घरांत कुटुंबे आज प्रत्यक्ष राहत आहेत. अ‍ॅमस्टरडॅममधील आयबर्ग भागातील तरत्या घरांचा पाया म्हणजे काँक्रीटची पोकळ, जलरोधक पेटी असते. तिचा बराचसा भाग पाण्याखाली असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो. घर खांबांना अशा कड्यांनी जोडलेले असते, की ते वरखाली सरकू शकते, पण वाहून जात नाही.

ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही, ती गोष्ट म्हणजे वजन. पेटीचे क्षेत्रफळ 100 चौरस मीटर असेल, तर गोड्या पाण्यात प्रत्येक टन भारामागे घर साधारण 1 सेंटिमीटर खाली जाते. हे सहज सोसण्यासारखे आहे. मात्र तोच टन एका कोपऱ्यात ठेवला, तर घर कलते आणि ते सरळ करण्यासाठी दुसऱ्या बाजूला भार ठेवावा लागतो किंवा तरंगता आधार वाढवावा लागतो. पुस्तकांचे भलेमोठे कपाट कोणत्या भिंतीला लावायचे, हा तेथे केवळ सजावटीचा प्रश्न उरत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र ते संथ, बंदिस्त पाण्याला लागू पडते, हे ठळकपणे सांगायला हवे. नेदरलँड्समध्येच मास नदीकाठच्या मासबोमेल येथील उभयचर घरे एरवी जमिनीवर टेकलेली असतात आणि पूर आला तरच खांबांच्या आधाराने वर उचलली जातात. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात पाण्याच्या हालचालीचा त्रास वर्षातील थोडेच दिवस सोसावा लागतो.

भविष्यवेधी म्हणून दाखवली जाणारी बरीच घरे मात्र समुद्रासाठी आखलेली असतात आणि तेथे गणित बदलते. लाटांचा धक्का कमी बसावा म्हणून घर एका अरुंद स्तंभावर उंच उभारले जाते. परंतु पाण्याच्या पातळीवरील त्या स्तंभाचा छेद जर 5 चौरस मीटर असेल, तर एका टनाने तो सुमारे 20 सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे लाटांपासून मिळणाऱ्या स्थैर्याची किंमत भाराच्या बाबतीत मोजावी लागते. 2022 साली पनामामध्ये अशाच धर्तीच्या एका घराचा नमुना अनावरणाच्या वेळीच पाण्यात कलला होता. याखेरीज खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटमधील सळयांपर्यंत पोहोचून त्या गंजवते, आणि बुडालेल्या भागावर शेवाळ व शंखजीवांचे थर साचतात ते वेगळेच. ही देखभाल पाणबुड्यांकडून करून घ्यावी लागते.

प्रतिसाद ३

मैलापाण्याचा प्रश्न किनाऱ्याशी जोडलेल्या घरांत लवचिक नळ्या आणि पंप यांनी सुटतो. म्हणूनच एकाकी घरापेक्षा वसाहत व्यवहार्य ठरते. अ‍ॅमस्टरडॅमच्याच स्खोनस्खिप वसाहतीत 46 कुटुंबे वीज आपसांत वाटून घेतात, सार्वजनिक वीजजाळ्याशी एकाच सामायिक जोडणीने जोडलेली आहेत आणि उष्मापंपांच्या साहाय्याने कालव्याच्या पाण्यातील उष्णता घरात घेतात. या राहणीचे खरे आकर्षण मला काचेच्या भिंतींपेक्षा अशा सामायिक व्यवस्थेत दिसते.

मालकीचा पेच याहून अवघड आहे. घर आपले असले, तरी त्याखालचे पाणी आणि ते बांधून ठेवण्याची जागा आपली असेलच असे नाही. शिवाय ते घर समजावे की जलयान, यावर कर, कर्ज आणि विमा अवलंबून असतात. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली न्यायालयाने संबंधित तरते घर हे जलयान ठरत नाही, असा निर्णय दिला. खुल्या समुद्रात गेल्याने कायद्यातून सुटका होते, हाही गैरसमज आहे. 2019 साली फुकेतजवळच्या समुद्रात उभारलेले एक घर थायलंडच्या नौदलाने हटवले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. समुद्रातील घराचा विचार मी आता बाजूला ठेवत आहे. संथ पाण्यातील वसाहत पाहताना, घर बांधून ठेवण्याच्या जागेचा करार किती वर्षांचा आहे, हे आधी विचारावे की पेटीची तपासणी आधी करून घ्यावी?

प्रतिसाद ३

करार आधी पाहावा. पेटीत दोष निघाला तर ती ओढून नेऊन दुरुस्त करता येते. जागेचा करार संपला, तर चांगले घर कोठे बांधून ठेवायचे, हाच प्रश्न उभा राहतो, आणि अशा जागा मोजक्याच असतात.